सध्या काय वाचताय? एका वाचनगटातल्या फेरीचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

महिन्यातून एकदा भेटणारा दहा-बारा जणांचा वाचनगट. बैठकीचे दोन भाग. उत्तरार्धात आधी ठरवून सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर चर्चा, आणि त्याआधी ‘सध्या काय वाचताय?’ ही फेरी. बसल्या क्रमाने प्रत्येकाने आपण हल्ली काय वाचतो आहोत ते थोडक्यात सांगायचं. चर्चेबद्दल कोणाची फारशी तक्रार नव्हती. हा अभ्यास फक्त फेरीचा आहे.

फेरीची एक नोंदवही होती. गट सुरू झाला तेव्हा कोणीतरी हौसेने पट्टी लावून तिच्यात पाच रकाने आखले: तारीख, सांगणारा, पुस्तक, लेखक आणि पाचवा, ‘कोणी घेतलं?’ सांगितलेलं पुस्तक पुढे गटातल्या दुसऱ्या कोणी वाचायला घेतलं तर त्याचं नाव त्यात यायचं होतं. पहिले चार रकाने महिन्यामागून महिने भरत गेले. पाचवा पानामागून पान कोरा. वही संपली, नवी आखायची वेळ आली, तेव्हा संयोजक ताईंनी विचारलं, “पाचवा रकाना आखू की सोडून देऊ?”

प्रश्न साधा होता, पण झोंबणारा. ही सगळी वाचनवेडी माणसं. पुस्तकाशिवाय घराबाहेर न पडणारी. एकमेकांना पुस्तकं सांगण्यासाठी मुद्दाम जमणारी. आणि एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या हातापर्यंत पोचतच नव्हतं.

गटातल्या काही जणांची ओळख पुढे लागेल, म्हणून इथेच करून देतो. गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. न्यायालयात लघुलेखक म्हणून उभी नोकरी केलेले काका. एक डॉक्टर, ते इतिहास आणि चरित्रं वाचतात. एम. ए. करणारी एक मुलगी, गटात सगळ्यांत लहान. रहस्यकथांवर पोसलेले दोन मित्र. आणि कविता वाचणारे एक अबोल गृहस्थ.

पहिली निदानं

कारणं शोधायला कोणाला वेळ लागला नाही. एक बाजू म्हणाली, लोक पाल्हाळ लावतात. दुसरी म्हणाली, आवडी जुळत नाहीत. डॉक्टरांच्या जाडजूड चरित्रांचं रहस्यकथावाल्यांनी काय करायचं? तिसरं कारण नेहमीचं, वेळ कोणाला आहे?

यातलं पाल्हाळाचं निदान सगळ्यांना पटलं, कारण त्यावर उपाय सोपा होता. मोबाइलवर तीन मिनिटांचा गजर लावायचा, वाजला की पुढचा. काही महिने हा गजर चालला. माणसाला वेळ बांधून दिली की तो कमी बोलत नाही, भरभर बोलतो, एवढंच त्यातून सिद्ध झालं. डॉक्टर तर कागदावर लिहून आणायला लागले. एका दमात कथानक, लेखकाचा परिचय, भाषाशैली आणि ‘जरूर वाचावं’ हे चारही टप्पे ते गजराआधी गाठत. ऐकताना परीक्षेतलं उत्तर कानावर पडतंय असं वाटायचं. आणि ती मुलगी, जी आधी निदान दोन वाक्यं बोलायची, ती आता “विशेष काही नाही” म्हणून पुढच्याकडे बोट दाखवायला लागली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. पहिली दोन निदानं सांगणाऱ्याकडे बोट दाखवत होती, तिसरं घड्याळाकडे. त्याने कमी बोलावं, त्याने नीट बोलावं, त्याने सगळ्यांना रुचेल असं निवडावं. ऐकणाऱ्याचं काय चाललंय हे कोणी पाहतच नव्हतं.

फेरी संपल्यावरचा एक प्रश्न

एका बैठकीत फेरी आटोपली, सगळे चर्चेची पुस्तकं काढायला लागले, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “एक मिनिट. वही मिटून ठेवलीय. तुमच्या आधी जे बोलले, त्यांनी कोणतं पुस्तक सांगितलं?”

कोणी हसलं. मग हसू थांबलं. काकांनी फेरीत पहिल्यांदा बोललेल्या बाईंचं पुस्तक सांगितलं. आपल्या नंतर बोललेल्या मित्रांपैकी एकाचंही सांगितलं. पण त्यांच्या अगदी उजव्या हाताला बसून, त्यांच्या लगेच आधी बोललेली ती मुलगी काय म्हणाली, हे काही त्यांना आठवेना. ज्यांनी चाळीस-चाळीस मिनिटांची उलटतपासणी शब्दही न गाळता उतरवून घेतली ते हे काका! “अगं, तू काहीतरी म्हणालीस खरं…” एवढंच ते म्हणाले. बाकीच्यांची गत वेगळी नव्हती. डॉक्टरांना तर आपल्या आधी कोण बोललं हेच सांगता येईना.

याला मानसशास्त्रात नाव आहे, ‘नेक्स्ट इन लाइन इफेक्ट’, म्हणजे रांगेत पुढचा नंबर आपला असल्याचा परिणाम. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवून दिला. लोकांना आळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि नंतर आठवेल ते लिहायला सांगितलं. स्वतः वाचलेले शब्द चांगले आठवले. सर्वांत वाईट आठवले ते आपली पाळी येण्याच्या जरा आधी दुसऱ्यांनी वाचलेले. त्या वेळी माणूस ऐकायला बसलेला दिसतो, पण मनात आपल्या बोलण्याची जुळवाजुळव चालू असते.

आपल्या फेरीकडे या नजरेने पाहिलं तर चित्र फारच विनोदी दिसतं. पाळी येण्याआधी माणूस स्वतःची वाक्यं जुळवतोय. पाळी झाली की आपण जे सांगायला विसरलो त्याची हळहळ करतोय, किंवा सुटलो एकदाचे म्हणून सैलावतोय. प्रत्येकाची हीच अवस्था, फक्त वेगवेगळ्या क्षणी. म्हणजे सांगणारे दहा आणि धड ऐकणारा एकही नाही. आणि गजराने तर पाळीची धास्ती वाढवलीच.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. गटातली माणसं वाईट सांगत नव्हती. फेरीची रचनाच अशी होती की तिच्यात ऐकायला कोणी मोकळं राहत नव्हतं.

फेरी मोडली

त्यानंतर क्रमवार फेरी बंद झाली. दर बैठकीत तिघांनीच सांगायचं असं ठरलं. ते तिघे कोण हे ताई आदल्या संध्याकाळी कळवतात. आठवडाभर आधी कळवलं तर डॉक्टर पुन्हा कागद घेऊन येतील, आणि आयत्या वेळी चिठ्ठ्या काढल्या तर पहिली काही मिनिटं सगळेच पुन्हा धास्तीत. आदली संध्याकाळ हा त्यातल्या त्यात बरा मध्य. उरलेल्यांना पक्कं माहीत असतं की आज आपल्याला विचारणार नाहीत. त्यांचं काम एकच, ऐकायचं आणि विचारायचं.

गजर काढला. तिघांत मिळून पूर्वीच्या फेरीएवढा वेळ होताच, त्यामुळे घाईचं कारण उरलं नाही.

ऐकणारे मोकळे झाले आणि मग दुसरी अडचण उघडी पडली. ती आधीही होतीच, फक्त कोणी ऐकत नसल्यामुळे जाणवत नव्हती: जे सांगितलं जात होतं त्यात ऐकण्यासारखं फार थोडं होतं.

सारांशात काय गळतं

बाई तेव्हा एका जुन्या सागरप्रवासाचं पुस्तक वाचत होत्या. पहिल्या खेपेस त्यांनी सांगितलं ते असं: प्रवास मोठा आहे, वादळं येतात, माणसं आजारी पडतात, कप्तान खंबीर आहे, शेवटी जहाज पोचतं. भाषा ओघवती. वाचनीय. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण हे वर्णन जगातल्या निम्म्या प्रवासवर्णनांना जसंच्या तसं चिकटवता येईल.

हा बाईंचा दोष नाही, स्मरणशक्तीची ती रीतच आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर, काही वेळा बराच काळ मध्ये जाऊ देऊन, ती आठवून लिहायला सांगितली. त्यांचे निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. कथा प्रत्येक वेळी आखूड होत गेली हे अपेक्षितच होतं. लक्षणीय होतं ते हे की वाचणाऱ्याला परके वाटणारे तपशील आधी गळले किंवा ओळखीचे होऊन बसले. कॅनू होता त्याची नुसती बोट झाली. सील मारायला निघालेली माणसं मासे धरायला गेली.

पुस्तकाचा सारांश सांगताना हेच होतं. ज्या गोष्टीमुळे ते पुस्तक इतर पुस्तकांहून वेगळं असतं, नेमकी तीच आपल्याला परकी असते, म्हणून ती आधी गळते. मागे उरतं ते सगळ्या पुस्तकांत असणारं. ऐकणाऱ्याला मग कुठल्याच एका पुस्तकाकडे जावंसं वाटत नाही, यात नवल काय?

म्हणून सारांश बाद झाला. नियम असा केला की पुस्तक सोबत आणायचं, एक जागा उघडायची आणि तिथला परिच्छेद, फार तर पानभर, वाचून दाखवायचा. मग तो कुठे येतो हे एका वाक्यात सांगायचं.

बाईंनी पुढच्या खेपेस तेच पुस्तक आणलं. त्यांनी वाचलं ते पान पिण्याच्या पाण्याचं होतं. पिंपांतलं पाणी हिरवं पडून बुळबुळीत झालेलं. ते कोणी कसं गाळून घ्यायचं, वाटपाच्या वेळी कोणी उभं राहायचं, आजाऱ्याला किती, टेहळणी करणाऱ्याला किती. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, “मी इथे तीनदा थांबले. हा सगळा हिशेब आहे बघा. वादळात जहाज वाचवणं सोपं वाटतं याच्यापुढे.” गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना त्या जाड पुस्तकात काय सापडलं होतं ते पहिल्यांदा आम्हाला कळलं. त्या दिवशी दोघांनी ते पुस्तक मागितलं.

‘का आवडलं?’ ला रजा

आता प्रश्न ऐकणाऱ्यांचा. मोकळे झालेले श्रोते विचारायला लागले खरे, पण सगळे एकच विचारत: “तुम्हाला हे का आवडलं?” आणि बोलणारा हमखास गडबडायचा. खेळीमेळीत विचारलं तरी या ‘का’त जबाब मागितल्यासारखं काहीतरी असतं. शिवाय तो प्रश्न अवाढव्य आहे. एखादं पुस्तक का आवडलं याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर माणसाला स्वतःचं अर्धं आयुष्य सांगावं लागेल. ते कोण सांगणार? मग तो ‘भाषा सुंदर आहे’ म्हणून सुटका करून घेतो.

इंग्लंडमधले लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं याची एक पद्धत मांडली. १९९३ मध्ये ती पुस्तकरूपात आली. त्यांनी वर्गातून हा ‘का’ मुद्दामच बाद केला, याच कारणांसाठी. त्याच्या जागी नुसतं ‘सांग ना’ म्हणायचं आणि चार साध्या दिशांनी विचारायचं: काय आवडलं, काय नाही आवडलं, कशाचं कोडं पडलं आणि कुठे काही पुन्हा पुन्हा येताना किंवा जुळताना दिसलं. पद्धत मुलांसाठी आहे, पण मोठ्यांना ती जास्त लागू पडते असं माझं मत झालंय. मुलं निदान “मला कळलं नाही” म्हणायला लाजत नाहीत.

गटाने चारांपैकी तिसरी दिशा, कोड्याची, विशेष धरून ठेवली. तिचा उपयोग कसा झाला ते एका प्रसंगात दिसतं.

त्या मुलीची पाळी होती. तिने एक कादंबरी आणली होती आणि पहिलंच वाक्य माफीचं: “मी ही पूर्ण नाही वाचली. अर्ध्यावर सोडलीय. दुसरं काही नव्हतं म्हणून आणली.”

बाईंनी विचारलं, “कुठे सोडलीस?”

“थोरला भाऊ परत येतो ना, त्याच्या पुढे.”

“मग वाच की तेच पान.”

तिने वाचलं. भाऊ दारात उभा, सामान खाली ठेवतो, कोण कसं आहे ते विचारतो. नुसते संवाद.

“यात अडलं कुठे?” रहस्यकथावाल्यांपैकी एकाने विचारलं.

ती जरा थांबली. “म्हणजे… बाकी सगळ्यांच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगतो. आईच्या, वहिनीच्या, अगदी शेजाऱ्याच्यासुद्धा. याच्या एकट्याच्या मनात शिरत नाही. हा फक्त बोलतो. शंभर पानं झाली, हा नुसता बोलतोच आहे. मला कंटाळा आला.”

काका आतापर्यंत मागे टेकून बसले होते. ते पुढे झुकले. “मी जन्मभर हेच केलं गं. माणसं काय बोलतात ते लिहून घेतलं. मनात काय आहे ते कधी लिहायचं नसतंच. आण बघू इकडे.”

त्यांनी कादंबरी नेली, पुढच्या बैठकीपर्यंत संपवली आणि तो भाऊ खोटं कुठे कुठे बोलतो याची यादीच घेऊन आले. मुलगी त्यांच्याशी अर्धा तास भांडली. मग तिने ती परत नेली आणि उरलेली वाचून काढली.

या प्रसंगात मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली ही की अर्धवट सोडलेलं पुस्तक सांगण्यालायक ठरलं. तोवर गटात अलिखित समजूत होती की पूर्ण वाचलेलं आणि आवडलेलंच आणायचं. त्यामुळे ज्याचं महिनाभर काही पुरं झालं नाही त्याला ‘विशेष काही नाही’ याशिवाय पर्यायच नसे. खरं तर ‘सध्या काय वाचताय’ या प्रश्नात अपुरेपण गृहीतच आहे. संपलेल्या पुस्तकाचं विचारायचं असतं तर प्रश्न वेगळा असता.

दुसरी गोष्ट, काकांना ते पुस्तक घ्यावंसं वाटलं ते तक्रारीमुळे. कौतुकाने नव्हे. ग्रंथालयांत वाचकाला पुस्तक सुचवण्याचं काम करणारे हे जाणून असतात. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ मध्ये या कामाची जी मांडणी केली तिच्यात पुस्तकाचा विषय काय यापेक्षा ते वाचकाला कशाने ओढतं याला महत्त्व दिलंय: गती, पात्रं कशी उभी केलीत, कथानक कसं चालतं आणि एकूण वातावरण. ‘फार संथ आहे’ हे वाक्य एकासाठी नकार असतं, दुसऱ्यासाठी आमंत्रण. ‘चांगलं आहे’ हे मात्र कोणासाठीच काही नसतं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी तिसरं. तो वाचक पुष्कळदा पुस्तक न आवडलेल्या माणसाच्या शेजारी बसलेला असतो, असं या प्रकरणावरून म्हणता येईल.

मधला एक वाद

रहस्यकथावाल्या दोघांमुळे शेवट सांगावा की नाही यावर एकदा चांगलीच जुंपली. एकाच्या मते शेवट फोडला की पुस्तक मेलं. दुसरा म्हणे, खून कोणी केला हे ठाऊक असूनही मी तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो. संशोधनही एका बाजूचं नाही. लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांच्या २०११ च्या अभ्यासात शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या; जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या २०१५ च्या अभ्यासात उलट दिसलं. गटाने तात्त्विक निकाल लावलाच नाही. पान वाचायचं ते पुस्तकाच्या पूर्वार्धातलं, शेवटाबद्दल बोलायचं असेल तर बैठक सुटल्यावर, एवढ्यावर वाद मिटला.

डॉक्टरांचा आक्षेप

सगळं सुरळीत झालं असं चित्र रंगवलं तर ते खोटं ठरेल. डॉक्टर नाराज होते, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

ते म्हणाले, “तुम्ही धरून चाललाय की मी पुस्तक सांगतो ते कोणीतरी घ्यावं म्हणून. मला त्याचं काही नाही. मी सांगतो कारण सांगितल्याशिवाय मला ते पुस्तक नीट कळत नाही. दर महिन्याला माझी पाळी होती, आता तीन-चार महिन्यांनी येते. माझा तोटाच झाला.”

याला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं होतं. डॉक्टरांचे ते परीक्षेतल्या उत्तरासारखे कागद, ज्यांना सगळे कंटाळले होते, ते त्यांच्या स्वतःच्या वाचनाला खरोखर उपयोगी पडत होते. सारांश ऐकणाऱ्याला काही देत नाही. करणाऱ्याला देतो.

म्हणजे जुन्या फेरीत दोन वेगळी कामं एकाच दोरीला बांधलेली होती. एक, स्वतःचं वाचन बोलून पक्कं करणं. दुसरं, आपल्या पुस्तकाला वाचक मिळवून देणं. पहिल्याला ऐकणारा नाममात्र पुरतो; दुसरं ऐकणाऱ्यावाचून होतच नाही. पाचव्या रकान्याने फक्त दुसरं मोजलं. तो कोरा राहिला म्हणजे फेरी निकामी होती, असं जे आम्ही सगळे धरून बसलो होतो ते डॉक्टरांच्या बाबतीत खरं नव्हतं.

तोड बाईंनी काढली. बैठकीच्या आधी पंधरा मिनिटं ज्यांना सांगायचंच आहे त्यांनी यावं आणि दोघादोघांनी बसावं. कथानक, लेखक, शैली, हवं तितकं सांगावं. समोर एकच माणूस, त्यामुळे रांगेचा प्रश्न नाही. डॉक्टर नेमाने येतात. त्यांच्या समोर बहुतेक वेळा काका बसतात आणि सवयीने टिपणं घेतात. डॉक्टरांना याचा अतोनात आनंद होतो.

रहस्यकथावाल्यांपैकी एक जण मात्र गट सोडून गेला. त्याला दर बैठकीत दोन पुस्तकं सांगायची असत, आणि एक पान वाचून थांबणं त्याला मानवलं नाही. त्याचा स्वभाव आणि ही रीत जुळली नाही, एवढंच म्हणता येईल.

या प्रकरणावरून किती म्हणावं

बेताने. गट एक, माणसं थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. बदल जवळजवळ एकत्रच झाले, त्यामुळे तिघांचीच पाळी, वाचलेलं पान आणि बदललेले प्रश्न यांपैकी कशाने किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही. शिवाय पाचव्या रकान्याबद्दल बोलायला लागल्यापासून सगळ्यांचं त्याच्याकडे लक्ष होतं. नाव लागावं म्हणूनही एखाद्याने पुस्तक नेलं असेल. नेलेलं पुस्तक वाचलं गेलं का, हे वही सांगत नाही. माझा स्वतःचा कौल विचाराल तर सर्वांत जास्त फरक पाळी काढून टाकल्याने पडला. वाचलेलं पान आणि ‘का’ टाळणं यांचा उपयोग झाला, कारण तोवर ऐकायला माणसं मोकळी झाली होती. हेच दोन उपाय गजराच्या दिवसांत केले असते तर लोकांनी एक पान वाचून पुढच्याकडे बोट दाखवलं असतं.

मोठ्या गटाला, जिथे तीस-चाळीस माणसं येतात, हे जसंच्या तसं चालणार नाही. तिथे तिघांनी सांगायचं म्हटलं तर बाकीच्यांची पाळी वर्षभर यायची नाही. तिथे दोघादोघांची पंधरा मिनिटं हाच मुख्य भाग करावा लागेल.

कवितेचं काय

हे अजून सुटलेलं नाही. ‘कुठे सोडलंस?’ हा प्रश्न कवितेला विचारता येत नाही. ‘कशाचं कोडं पडलं?’ विचारलं तर चर्चा लगेच अर्थावर घसरते आणि कवितेचे वाभाडे निघतात. एक पान वाचायचं म्हटलं तर कविता तिथेच पूर्ण होते, मग पुस्तक न्यायला कारण काय उरतं? त्या अबोल गृहस्थांची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा कविता वाचून झाल्यावर कोणाला काय विचारावं ते सुचलं नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं की मला त्या तिघांत धरू नका. सध्या कविता गणतीत नाही, बैठकीत कधीही, चर्चेच्या मध्येसुद्धा, त्यांनी “एक वाचू?” म्हणायचं आणि वाचायची. त्यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही, असं त्यांचंच म्हणणं आहे. बाईंना ही सवलत मान्य नाही. कवितेलाच वेगळा न्याय का, हा त्यांचा सवाल पुढच्या बैठकीत चर्चेला घ्यायचा ठरलाय.